फिक्कं पाहणाऱ्या मॅडम

मॅडम समोरच्या माणसाकडे सरळ बघायच्याच नाहीत. तुम्ही त्यांच्यासमोर उभे असलात तर त्यांची नजर तुमच्या कानाच्या थोडी पलीकडे, एखाद्या खांबावर नाहीतर खिडकीच्या गजावर लागलेली असायची. कॉलेजात नव्याने आलेल्याला वाटायचं, बाईंना गर्व आहे. एका नव्या प्राचार्यांनी तर पहिल्याच भेटीत वळून मागे पाहिलं होतं, मागे कोण येऊन उभं राहिलंय म्हणून. तेव्हा मॅडमच म्हणाल्या, "तुमच्याशीच बोलून राहिली सर. सवय हाय मले."

ही सवय लहानपणीची. मौद्याजवळच्या त्यांच्या गावी अंगणात बाजेवर पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं की एखाद्या मंद ताऱ्याकडे रोखून पाहिलं की तो नाहीसा होतो, आणि नजर जराशी बाजूला सारली की परत येतो. त्याचं कारण पुढे पुस्तकात सापडलं. डोळ्याच्या मधल्या भागाला मंद उजेड कळत नाही, कडेच्या भागाला कळतो. पण तोवर सवय अंगात मुरली होती आणि त्या माणसांनाही तशाच बघू लागल्या होत्या. "फिक्कं पाहाचं असन तं बाजूले पाहावं," असं त्या आम्हाला सांगायच्या, आणि हे सांगतानाही आमच्याकडे बघत नसायच्या.

मी एम.एस्सी.ला त्यांच्या वर्गात होते. त्या पदार्थविज्ञान शिकवायच्या. समीकरणं इंग्रजीत लिहायच्या आणि समजावून द्यायच्या घरच्या बोलीत. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी शुद्ध बोलण्याचा फार आग्रह. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले लिपिक, "मले-तुले" कानावर पडलं तरी त्यांचा चेहरा आंबायचा. त्यामुळे वर्गात पहिल्या दिवशी मला हसूच आलं होतं. दीर्घिकांच्या समूहाचा तास आला आणि ते हसू कुठल्या कुठे गेलं.

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका, आणि अशा शेकडो-हजारो दीर्घिका जिथे एकमेकींच्या ओढीने एकत्र नांदतात त्याला समूह म्हणायचं, इतपत आम्हाला ठाऊक होतं. मॅडम फळ्यापाशी गेल्याच नाहीत. म्हणाल्या, "मौदा पाहिलं काय कोनं? बरं. आता एका ऑटोतली मानसं घ्या अन् अख्ख्या मौद्यात पसरवून द्या. एक बसस्टॉपवर, एक बाजारात, एक कन्हानच्या पुलावर. गावात कोनी राहते की नाही हेच समजनार नाही. ही झाली एक जात, पसरट. आता उलटं करा. अख्ख्या मौद्याची मानसं एका ऑटोत कोंबा. ही दुसरी जात, गच्च."

मागून, रोज बर्डीच्या बाजारातून येणारा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ते तं बर्डीच्या ऑटोत रोजच असते."

वर्गात हशा फुटला. मॅडमही हसल्या, खांबाकडे बघून. मग म्हणाल्या, "हसा. पन ह्या दोन्ही जाती एकाच समूहात सापडतात, शेजारीशेजारी. काहून?"

हे "काहून" त्या असं विचारायच्या की जणू उत्तर आमच्यापैकी कोणाच्या तरी खिशात आहे आणि तो उगाच लपवतोय. त्याच वर्षी मी ठरवलं की पुढचं संशोधन त्यांच्याकडेच करायचं.

काम काय होतं ते थोडक्यात सांगते. पसरट दीर्घिका आकाराने आपल्या आकाशगंगेएवढी असू शकते, पण तिच्यात तारे इतके विरळ की तिच्या आरपार मागच्या दीर्घिका दिसतात. गच्च दीर्घिका इतकी छोटी की फोटोत ती साध्या ताऱ्यासारखा एक ठिपका असते. म्हणजे पहिली दिसत नाही आणि दुसरी दिसूनही ओळखू येत नाही. काही गच्च दीर्घिका म्हणजे मुळात लहान, विस्कळीत दीर्घिकांचे उरलेले गाभे असावेत, असा अनेकांचा अंदाज आहे. एखादी लहान दीर्घिका मोठीच्या फार जवळून गेली की मोठी तिचे बाहेरचे तारे ओरबाडून नेते आणि मधला गाभा तेवढा शिल्लक राहतो. मॅडमना एखादी अशी पकडायची होती जिचं ओरबाडणं अजून पुरं झालेलं नाही. गाभा उघडा पडलाय, पण भोवती विरळ ताऱ्यांची थोडी लव राहिली आहे.

कॉलेजकडे दुर्बीण नव्हती. ती लागतही नव्हती. मोठमोठ्या दुर्बिणींनी काढलेले फोटो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले असतात. प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत मॅडमनी खिडकीला काळं कापड लावून भरदिवसा अंधार केला होता, आणि तिथे आम्ही कॉम्प्युटरसमोर बसायचो. कूलर होता, पण तो लावला की कापड फडफडायचं आणि उजेडाची तिरीप पडद्यावर यायची, म्हणून मॅडम तो बंद करायच्या. नागपुरात, मे महिन्यात. स्वतः डोक्यावर ओला पंचा टाकून बसायच्या आणि मला म्हणायच्या, "तुले पायजे का? दुसरा हाय." पहिल्या उन्हाळ्यात मी नाही म्हटलं. दुसऱ्या उन्हाळ्यात मीही पंचा घेतला.

कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम फिक्कट दीर्घिका शोधायचा, पण मॅडमचा त्याच्यावर पूर्ण भरवसा नव्हता. त्याला जी वस्तू कळायची नाही ती तो कचरा म्हणून टाकून द्यायचा, आणि मॅडमना नेमका तो कचराच बघायचा असायचा. त्या फोटो उलट्या छटेत मोठ्या कागदावर छापून घ्यायच्या. आकाश पांढरं, तारे काळे. मग मला कागद धरून कॉरिडॉरच्या एका टोकाला उभं करायच्या आणि स्वतः चष्मा काढून उलट्या पावलांनी मागे मागे जायच्या. जवळून नुसते ठिपके दिसतात. लांबून, डोळे किलकिले केले की, ठिपक्यांमागचा फिक्कट डाग वर येतो. येणारेजाणारे भिंतीला चिकटून वाट द्यायचे. कॉमर्सचे एक सर रोज म्हणायचे, "लागली मॅडमची गाडी रिव्हर्सला." मॅडम एकदा खरोखरच त्यांच्यावर जाऊन आदळल्या आणि न वळताच म्हणाल्या, "थांबा सर, दिसून राहिलं." सरही बिचारे पाठीला पाठ लावून तसेच उभे राहिले.

अशा रीतीने आम्हाला काही पसरट दीर्घिका मिळाल्या. त्यातली एक फारच मोठी आणि फारच फिक्कट होती. मी मोजमापं केली, दोघींनी शोधनिबंध लिहिला, माझं नाव पहिलं टाकलं. परदेशातल्या एका नियतकालिकाने तो छापायला घेतला, आणि तो वाचून तिकडच्या एका संस्थेने मला पीएच.डी.नंतर तीन वर्षांसाठी बोलावलं. काम हेच, याच दीर्घिकेवर, पण त्यांच्या मोठ्या दुर्बिणीने. बाबांनी गल्लीभर संत्रा बर्फी वाटली. आईने माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला. नागपुरातल्या बाईने विणायला घेतलेला स्वेटर म्हणजे घर किती हललं होतं ते समजा.

आणि त्याच सुमारास मॅडमचा मोतीबिंदू काढला.

तो बऱ्याच दिवसांपासून होता. डॉक्टर सांगत होते, त्या टाळत होत्या. दोन्ही डोळे झाल्यावर काळा गॉगल लावून त्या कॉलेजात आल्या तेव्हा पोरांनी शिट्ट्या वाजवल्या आणि मॅडम खूश झाल्या. खोलीत येऊन आधी भिंतीकडे बघत राहिल्या. "ही भित इतकी पांढरी होती काय वं? मले तं पिवळी वाटे." मग म्हणाल्या, "आपली मोठी काढ. नव्या डोळ्यानं पाहू दे एकदा."

मी हौसेने कागद काढला. कॉरिडॉरच्या टोकाला उभी राहिले. मॅडम मागे गेल्या, थांबल्या, पुन्हा पुढे आल्या, पुन्हा मागे गेल्या. हसू येईल असं मला वाटत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर येईना.

"हिले शेपूट काहून हाय?"

"कुठे शेपूट?"

त्यांनी जवळ येऊन बोट ठेवलं. डागापासून निघालेली एक धूसर रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. मला ती पाहूनही दिसेना. मॅडम म्हणाल्या, आकाशाच्या शेजारच्या तुकड्यांचे फोटो छाप. ते छापून आम्ही फरशीवर जोडत गेलो. टेबलं सरकवली, खुर्च्या बाहेर काढल्या. दुपार कलेपर्यंत अख्खी खोली कागदांनी भरली, आणि खुर्चीवर चढून पाहिलं तेव्हा ती रेघ मलाही दिसली. ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली होती, आणि आमची लाडकी दीर्घिका तिच्यातली एक जराशी दाट जागा होती. आपल्याच आकाशगंगेत धुळीचे विरळ ढग असतात. ताऱ्यांचा उजेड त्यांच्यावर पडला की ते किंचित चमकतात. अशी धूळ अवरक्त प्रकाशात वेगळी दिसते, आणि तिचे नकाशे उपलब्ध आहेत. ते आम्ही आधीही पाहिले होते, पण तिथली चमक इतकी अंधुक होती की तिच्यात काही नाही म्हणून पुढे गेलो होतो. आता पुन्हा पाहिलं. रेघ तिथेही होती, अगदी त्याच वळणाची.

कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरची म्हणून आम्ही जी जगाला दाखवली होती, ती आपल्याच अंगणातली धूळ निघाली.

मॅडम कागदांच्या मधोमध फतकल मारून बसल्या. म्हणाल्या, "गेली वं." आणि मग, "निबंध मागं घ्यावा लागन."

मी तशीच घरी आले. दुसऱ्या दिवशीही गेले नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मॅडमची स्कूटर आमच्या महालातल्या गल्लीत शिरली. गॉगल लावलेल्या मॅडमना आईने आधी ओळखलंच नाही. मग पाणी दिलं, सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, दिली. बाबा खुर्ची ओढून समोर बसले.

"मॅडम, ही चूक कोणाच्या लक्षात आली का?"

"आली ना. माझ्या."

"तसं नव्हे. बाहेरच्या कोणाच्या?"

"नाही."

"मग घाई कसली? पोरीचं एकदा तिकडे मार्गी लागू द्या. मग सांगा सावकाश. त्या धुळीला काय, ती कुठे पळून जातेय?"

मॅडमनी गॉगल काढला. डोळे अजून लाल होते. आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोणाकडे सरळ बघताना पाहिलं.

"भाऊसाहेब, ही तिकडे गेली की पहिल्याच दिवशी ते याच दीर्घिकेवर दुर्बीण लावतीन. त्याच्यासाठीच बोलावून राहिले हिले. अन् निघन काय? धूळ. तेव्हा ही तिथं एकटी असन. परक्या देशात, परक्या मानसात. आज मी हाय बाजूले."

मी दारात उभी होते. म्हटलं, "निबंधावर माझं नाव पहिलं आहे. मला कोणी विचारलं?"

"तेच विचाराले आली. तू नाही म्हटलं तं मी फक्त माझं नाव काढीन, अन् काहून काढलं ते लिहीन."

"मग माझं काय उरतं?"

"काही नाही उरत," मॅडम म्हणाल्या. "म्हनूनच तुझ्या घरी येऊन तुले सांगून राहिली. फोनवर सांगाची गोष्ट नाही हे."

माडीवर जाऊन मी दार लावून घेतलं. खालून आईचा आवाज ऐकू आला, "आणि मॅडम, तुमचं हो काय होईल?" मग मॅडमचा, "माझं काय व्हाचं? हसतीन लोक. वडी लय छान झाली, अजून एक द्या."

मी हो म्हटलं. त्यात मोठेपणा नव्हता, दुसरी वाट नव्हती. निबंध मागे घेतला. तिकडच्या संस्थेने अतिशय सभ्य भाषेत कळवलं की आता त्या जागेचं प्रयोजन उरलं नाही. मॅडमना एका परिषदेत या दीर्घिकेवर बोलायचं होतं. त्यांनी भाषण रद्द केलं नाही, फक्त शीर्षक बदलून "आम्ही कशा चुकलो" असं केलं. मला जबरदस्तीने बरोबर नेलं. जोडलेल्या कागदांचा फोटो पडद्यावर आला तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मॅडम थांबल्या. "हसा," म्हणाल्या, "मीबी हसली असती." मग एका तरुण मुलीने उठून विचारलं की अशी रेघ आधीच कशी ओळखायची. मॅडम तिला सांगत सुटल्या. चहाची सुट्टी संपली, पुढचा वक्ता येऊन उभा राहिला, तरी त्यांच्याभोवती माणसं होतीच. एकजण तर याच प्रकारच्या डागासाठी दुर्बिणीचा वेळ मागायला निघाला होता. तो मॅडमना वाकून नमस्कार करून गेला. मॅडम त्याच्या कानापलीकडे बघत होत्या.

मला त्याने काही वाटलं नाही. मी रागावले होते आणि राग खरा होता. परत आल्यावर एका शिकवणीवर्गात नोकरी धरली आणि कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. मॅडमनी एकदाही फोन केला नाही. त्या उरलेल्या सगळ्या दीर्घिका पुन्हा एकेक करून तपासताहेत, बहुतेक बाद होताहेत, असं कानावर यायचं.

माझ्याही लॅपटॉपवर ते फोटो होते. एका दुपारी शिकवणीला सुट्टी होती आणि मी सहज नव्हे, मुद्दाम बसले. मला बघायचं होतं की सगळीच धूळ आहे का. धूळ असती तर विषय संपला असता आणि मला सुटल्यासारखं झालं असतं. मी शेजारचे तुकडे जोडत, नकाशे ताडून पाहत गेले. आणि एका मोठ्या दीर्घिकेच्या बाजूला एक ठिपका दिसला. प्रोग्रॅमने त्याला तारा म्हणून शिक्का मारला होता. त्याच्याभोवती अगदी पुसट, एका बाजूला लांबलेली लव होती. मी धुळीचा नकाशा काढला. तिथे कोरं होतं. शेजारचे तुकडे जोडले. रेघ नव्हती. मी स्कूटी काढली आणि तडक कॉलेजात गेले.

मॅडम पंचा डोक्यावर टाकून बसल्या होत्या. मला बघून "आली काय" इतकंच म्हणाल्या. मी कागद पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, उठल्या, आणि कॉरिडॉरच्या टोकाला स्वतः कागद धरून उभ्या राहिल्या.

"जा मागं," म्हणाल्या. "तुझी हाय, तू पाह्य."

मी उलट्या पावलांनी मागे गेले. लव लांबूनही दिसत होती.

"दिसते?"

"दिसते."

"धूळ?"

"पाहिलं. नाही."

"मंग समोरचा आपलाच एखादा तारा असन. मागं योगायोगानं दुसरं काही असन."

"असेल."

"असेलवर नाही भागत," त्या म्हणाल्या. पण कागद त्यांनी खाली केला नाही.

उत्तर मिळवायचा एकच मार्ग होता. ठिपका आणि लव, दोघांचा वेग मोजायचा. दोन्ही समूहाच्याच वेगाने जात असतील आणि एकमेकांशी जुळत असतील तर ती एकच वस्तू. ठिपक्याचं जमलं असतं, पण इतक्या पुसट लवेचा प्रकाश गोळा करायला मोठी दुर्बीण आणि भरपूर वेळ लागतो. आम्ही अर्ज केला, तो नाकारला गेला. मागे घेतलेल्या निबंधाची त्यांना आठवण होती. मॅडम म्हणाल्या, "असनच. आपल्यालेबी हाय." पुन्हा अर्ज केला. त्यात त्यांनी सुरुवातीलाच आधीची चूक सांगून टाकली आणि या वेळी काय काय तपासलं ते पुढे मांडलं. तो मंजूर झाला. दरम्यान मला त्याच कॉलेजात जागा मिळाली, मॅडम निवृत्त झाल्या आणि मौद्याजवळच्या गावी थोरल्या भावाकडे राहायला गेल्या. पंचा तेवढा खोलीत ठेवून गेल्या.

निकाल आला त्या दिवशी मी फोन केला नाही. सकाळची बस पकडून गेले. शेतात मिरचीची तोडणी चालली होती. लांबवर वीज केंद्राच्या चिमण्या धूर सोडत होत्या. बायांच्या ओळीत मॅडमही मिरच्या तोडत होत्या, आणि त्यांचे भाऊ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून पोती मोजत होते.

"मॅडम, ठिपक्याचा वेग आला. समूहाशी जुळतो. तारा नाही तो."

"अन् लव?"

"तिचाही आला."

"जुळते?"

"जुळतो. दोन्ही एकच आहेत."

"परत सांग."

मी परत सांगितलं. मॅडमनी टोपली खाली ठेवली. मिरचीचे हात डोळ्यांना लागू नयेत म्हणून कोपराने डोळे पुसायला गेल्या, आणि पुसून होईनात. त्या धुऱ्यावर जाऊन बसल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या. तोडणाऱ्या बाया थांबल्या. भाऊ धावत आले.

"काय झालं वं बाई? कोनी गेलं काय?"

"नाही गा दादा. सापडली."

"काय सापडली?"

"दीर्घिका. दुसरीनं ओरबाडून नेली, अन् तरी गाभा टिकून हाय तिचा."

"कुठं हाय?"

"लय दूर."

"मले दिसन काय?"

"नाही."

"तुले दिसते?"

"नुसत्या डोळ्यानं कोनालेच नाही दिसत, दादा."

"मंग रडून काहून राहिली?"

"अरे, खरंच हाय ना ते!"

दादांनी माझ्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. मग ओळीतल्या बायांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "ठेवा वं टोपल्या खाली. चहा घ्या सगळ्या जनी. बाईची सापडली."